आक्कांच्या जागी नाव लावताना

आक्का, मला भीती वाटते आहे. तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. लोक येतात, माझा हात हातात घेतात, "जावा-जावा नव्हत्याच त्या, पाठच्या बहिणी होत्या," म्हणतात, आणि समजतात की मी दुःखात आहे. मी मान हलवते. दुःख असेल, आत कुठेतरी नक्की असेल, पण त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच भीती आडवी येते. आज बुधवार. अंगणवाडीतली मुलं खिचडी खाऊन घरी गेली आहेत आणि मी दार पुढे ओढून, मुलांच्या सतरंजीवर बसून हे लिहिते आहे. उद्या तालुक्याला तुमच्या अर्जाची तारीख आहे.

तुम्ही गेल्यावर सहाव्या दिवशी कचेरीतून कागद आला. अर्जदार मयत झाल्याचं समजलं आहे, तिच्या जागी कोणी उभं राहणार असेल तर त्यानं तारखेला हजर राहून नाव लावावं, नाहीतर अर्ज निकाली काढण्यात येईल. अकरा वर्षं आपल्या वाटेचा अर्ज गोगलगाईच्या चालीनं चालला होता, आणि तुमच्या मरणाची खबर मात्र तिकडे घोड्यावर बसून पोचली. कोणी पोचवली ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

मी सुनीताला फोन केला. भाऊजी केव्हाच गेले, लेक तुमची, पहिला हक्क तिचा. केडगावहून ती म्हणाली, "काकू, माझ्या सासरी हे चालायचं न्हाई. आईनं सगळं आयुष्य घातलं त्यात. मला न्हाई घालायचं." मला तिचा राग आला नाही. उलट वाटलं, चला, भिणारी मी एकटीच नाही. मग ह्यांना लावला. हे पुण्याला कंपनीत वॉचमन, महिन्यातून दोन दिवस घरी. तुमचे दीरच ते, तुम्हाला काय सांगायचं. म्हणाले, "तुला पटंल तसं कर." म्हणजे नेहमीप्रमाणे हात झटकून मोकळे. शेवटी उरले मी, आणि माझ्यासारख्या भित्र्या बाईच्या नावावर तुमची वाट टिकायची म्हणजे कठीणच आहे.

वाट ती केवढी. वस्तीपासून ओढ्याकाठच्या आपल्या स्मशानापर्यंत दहा मिनिटांची, बैलगाडी जाईल एवढी रुंद. गावच्या नकाशात दोन तुटक रेघांनी दाखवलेली. स्मशानाला लागून ख्रिस्ती लोकांची दफनभूमी, त्यामुळे वस्तीतल्या दानिएल सरांच्या घरच्यांचाही शेवटचा प्रवास त्याच वाटेनं व्हायचा. वाटेला लागून ज्यांची शेती त्या तात्यांनी आधी डाव्या बाजूनं नांगराच्या दोन ओळी आत घेतल्या, मग उजव्या बाजूनं. मग एका वर्षी सगळंच नांगरून ऊस लावला आणि तार ओढली. सासूबाई गेल्या त्या दिवशी आपल्याला तिरडी खांद्यावर घेऊन तारेपासून मागे फिरावं लागलं. डांबरीनं, पाटाच्या पुलावरून, उन्हातून दीड तास. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत होते. तुम्ही त्या दिवशी रडला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या ओट्यावर जाऊन बसलात आणि म्हणालात, "सर, अर्ज लिव्हा."

मला तुमची भीती तेव्हापासून वाटायला लागली. तुमची म्हणजे तुमच्यापायी होणाऱ्या गोष्टींची.

कारण तुम्ही भांडखोर बाई नव्हता. भांडखोर असता तर मला समजलं असतं. मी स्वतः तिखट जिभेची, मला भांडण कळतं. तुम्ही पहाटे विहारात जायच्या, गोणपाटाची घडी खाली घेऊन भिंतीला न टेकता बसायच्या, डोळे मिटून श्वास बघायच्या, मग उठून विहार झाडायच्या आणि पदरानं हात पुसून एसटी धरायच्या. तालुक्याला, साहेबासमोर. दोन्ही कामं एकाच चेहऱ्यानं. मी म्हणायचे, "आक्का, डोळे मिटून वाट उघडती व्हय?" तुम्ही म्हणायच्या, "न्हाई उघडत. पन सायबानं आवाज चढीवला की माजा चढत न्हाई. तेवढंच."

तेवढंच! मला त्या 'तेवढंच'चा फार संताप यायचा.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या वर्षावासात पुण्याहून ते गृहस्थ आले होते, आठवतं? पांढरा सदरा, मऊ आवाज. ध्यानाबद्दल छान बोलले. मग कोणीतरी वाटेचा विषय काढला, तर ते म्हणाले की कोर्टकचेरीनं चित्त अशांत होतं. देह तर नाशवंत आहे, तो कुठल्या रस्त्यानं नेला यात एवढं गुंतून का पडावं? मला तर पटलंही होतं, खोटं कशाला सांगू. सुटकाच वाटली, की चला, धम्मच सांगतोय सोडून द्या म्हणून. तेवढ्यात तुम्ही मागून बोललात, "दादा, देह काय न्हाई हे खरंच हाय. पन माजा देह काय न्हाई आन् तात्याचा ऊस काय तरी हाय, आसं कुटं सांगितलंय?" गृहस्थ हसले आणि घड्याळ बघितलं. मी परत येताना तुमच्याशी बोलले नाही, कारण तुम्ही माझी पळवाट बुजवून टाकली होती.

पण मी हरले असं समजू नका. माझाही एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर तुम्ही देऊन गेला नाहीत. त्याच वर्षावासात मी रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचे आणि तुम्ही पुढ्यात बसून ऐकायच्या. एकदा घरी भाकरी थापताना मी म्हटलं, "तृष्णेनं दुःख होतं म्हणता ना? मग तुमी वाटेसाठी तडफडता, ही तृष्णा न्हाई का?" चौथ्या दिवशी तूर निवडताना तुम्ही म्हणालात, "तहान लागनं आन् हावरेपना, ह्यात फरक आसल ना गं?" मी म्हटलं, फरक असेलही, पण आतून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटत असणार; तात्यांनाही त्यांची तहानच वाटत असेल. तुम्ही सुपातला खडा काढून फेकलात आणि "मंग बघते परत" म्हणालात. बघितलंत का आक्का? काय दिसलं? मला खरंच हवं होतं ते. एवढ्या भीतीत माणसाला निदान आपण बरोबर आहोत एवढं तरी माहीत असावं.

मैत्री भावनेवरून तर आपलं किती वाजायचं. आधी स्वतःसाठी, मग जवळच्यांसाठी, मग अनोळख्यांसाठी, शेवटी वैऱ्यासाठी मंगल चिंतायचं. तुम्ही वैऱ्याच्या जागी न चुकता तात्यांना घ्यायच्या, आणि तेही ओठ हलवत, शेजारच्याला ऐकू जाईल असं. "तात्या सुखी होवो, निरोगी होवो, आन् वाट सोडो." मी कोपरानं ढोसायचे की हे शेवटचं मैत्रीत बसत नाही. तुम्ही डोळे न उघडता म्हणायच्या, "आगं, वाट सोडल्याबिगर तो सुखी कसा हुनार?" फाट्यावर तात्या दिसले की तुम्ही लांबूनच मोठ्यानं "जयभीम तात्या" म्हणायच्या आणि तो माणूस चारचौघांत "हां हां" करत मोबाईल काढायचा. मी तुमच्या मागे लपलेली असायचे. हसू यायचं ते पदरात दाबायचे, आणि तात्यांनी वळून पाहिलं का ते बघायचे.

तुम्हाला प्रज्ञाची आठवण करून देऊ? माझी लेक नगरला नर्सिंगला जाते, संध्याकाळच्या गाडीनं फाट्यावर उतरते. फाट्यापासून वस्तीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस, पुरुषभर उंच. तुम्ही रोज तिला आणायला जायच्या, हातात खुरपं, कारण म्हणे वाटेत शेळीला गवत मिळतं. शेळी आपण दोन वर्षांपूर्वीच विकली होती. मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत होतं, आणि आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. ह्या जिल्ह्यात उसात, बांधावर काय काय झालेलं आहे, ते आपल्या वस्तीत लहान पोरालाही ठाऊक आहे. नावं घेत नाही. आता नऊ दिवस झाले, मी जाते फाट्यावर. पाचोळा वाजला की थांबते. प्रज्ञा म्हणते, "मम्मी, तू मला न्यायला येतीस का मी तुला?"

ही भीती मी आज शिकले नाही. तिनंच माझ्याकडून ते करून घेतलं होतं, जे तुम्हाला सांगायचं राहिलं.

चार वर्षांपूर्वी पहिला पंचनामा झाला. सर्कल अधिकारी आले, तलाठी आले, तारेजवळ उभे राहून लोकांचे जबाब घेतले. तुम्ही त्या दिवशी सुनीताच्या बाळंतपणाला केडगावला गेला होता. जाताना मला म्हणालात, "सुमन, तू शिकलेली हायेस, अंगनवाडीची बाई हायेस, तुज्या शब्दाला वजन हाय. फक्त काय हाय ते सांग." आदल्या दिवशी दुपारी तात्या अंगणवाडीच्या दारात आले होते. धमकी दिली नाही. ते कधीच देत नाहीत. खोली त्यांच्या भावकीची आहे, तेव्हा भिंतीवरून हात फिरवून म्हणाले, "रंग द्यायला झालाय." मग म्हणाले, "तुमची पोरगी औंदा दहावीला ना? कोनत्या गाडीनं येती?" बस. एवढंच विचारलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सर्कलनं मला विचारलं, इथे वाट होती का? मी म्हटलं, "नक्की सांगता येणार नाही." लग्न होऊन आले त्या वर्षी सासरे गेले, तेव्हा ह्याच वाटेनं तिरडीमागून चालत गेले होते मी. चप्पल चिखलात रुतली होती ती आठवते. आणि मी सांगितलं, नक्की सांगता येणार नाही. खाली सही केली. अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात. इतरांचे अंगठे होते. त्या सहीवर तुमचा अर्ज एकदा फेटाळला गेला आणि अपिलात परत उभा करायला तुम्हाला तीन वर्षं लागली.

त्यानंतर रोज संध्याकाळी विहारात मी तुमच्या शेजारी बसून पंचशील म्हटलं. पाणातिपाता, अदिन्नादाना, कामेसुमिच्छाचारा. चौथ्याला, मुसावादा वेरमणीला, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाला, माझा आवाज बसायचा. तुमचा नेमका तिथंच जरा चढायचा. मला वाटायचं योगायोग. चार वर्षं मी तुमच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होते, की हिला कळलंय का, कळलं तर ही काय करील. तुम्ही मला वाढत होता, चहा देत होता, केस विंचरून घेत होता. मला वाटलं, कळलं नाही. वाचता येत नव्हतं ना तुम्हाला.

परवा तुमची पत्र्याची पेटी उघडली, अर्जाचे कागद सरांना द्यायचे म्हणून. वरच माझ्या जबाबाची नक्कल. घड्या पडून पडून मधोमध फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. तशीच सरांकडे गेले. दानिएल सर ओट्यावर बसून चष्मा पुसत होते, कागद बघितला आणि म्हणाले, "मीच वाचून दाखवला होता तिला. तीन वेळा. पहिल्यांदा तिला वाटलं माझी वाचण्यात चूक होते आहे."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, सुमनला यातलं काही विचारू नका. मी म्हटलं, अगं निदान जाब तरी विचार. तर म्हणाली, 'सर, आपून इचारलं तर ती भ्येल आन् आजून एकदा खोटं बोलंल. एकदा शील मोडलंय तिचं. मी इचारून दुसऱ्यांदा कशाला मोडू?'"

मी सरांच्या ओट्यावर खाली बसले, आक्का. मला वाटायचं दया म्हणजे मऊ काहीतरी असतं. ही दया मला अंगावर आल्यासारखी वाटली. चार वर्षं तुम्ही माझ्या शेजारी बसून माझ्या खोट्याला हात न लावता ते सांभाळलंत, मला कळू दिलं नाहीत, आणि वाट बघत राहिलात. मी कधी आपणहून सांगते याची. आणि मी सांगितलं नाही. एकदाही नाही. मला तुमचे उपकार वाटतात आणि तुमचा रागही येतो. एकदा ओरडला असता तर मी रडून मोकळी झाले असते. माझं रडणंही तुम्ही तसंच आत ठेवून गेलात.

आणि तुम्हाला नेलं कुठून, ते तर तुम्हाला माहीत नाही. तुम्ही सांगून ठेवलं होतं, "मला वाटेनंच न्या. तार आडवी आली तर खाली ठिवा, पोलीस यीस्तोवर मी थांबंन, मला कुटं घाई हाय?" सगळे हसले होते तेव्हा. त्या दिवशी पुतणे कोयते घेऊन तयार होते. तारेपलीकडे तात्यांची माणसंही उभी होती, सात-आठ. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं; हे पुण्याहून पोचले नव्हते, घरातली मोठी मीच म्हणून. मला प्रज्ञा दिसत होती, पांढरी साडी नेसून तुमच्या डोक्याशी उभी, आणि तारेपलीकडच्या एकाचे डोळे तिच्यावर. मी म्हटलं, "नको. गाडी बोलवा." दुधाची पिकअप आली. कॅन उतरवून तुम्हाला ठेवलं आणि डांबरीनं नेलं. पुलावर गाडीला हिसका बसला तेव्हा मी तुमचे पाय धरून ठेवले होते. ते पाय सोडून मला तिथंच उतरून पळून जावंसं वाटत होतं. मला माफ करा म्हणणार नाही. तुम्ही केव्हाच केलं असेल आणि तेच मला सहन होत नाही.

असो. पाच वाजत आले. फाट्यावर जायचं आहे. उद्याचं काय ते अजून ठरलेलं नाही. नाव लावलं तर तो जुना जबाब निघणार. तो खोटा होता म्हटलं तर नोकरी जाईल का, खोली जाईल का, आणि त्याहून मोठं जे काही मी लिहीत नाही, ते. नाही लावलं तर कोणी मला काही म्हणणार नाही. सरसुद्धा नाही. हीच तर पंचाईत आहे.

*

शुक्रवार. आक्का, मी गेले.

ठरवून गेले असं सांगितलं तर पुन्हा खोटं होईल. सकाळी प्रज्ञाला फाट्यावर सोडलं, तिची गाडी गेली, मागून तालुक्याची गाडी आली आणि सर आधीच तिच्यात खिडकीशी बसलेले. त्यांनी मला बघून शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. जागा झाली म्हणून मी चढले. राहुरी येईपर्यंत मी तुम्ही शिकवलेला श्वास शोधत होते. आत येतो ते बघ, बाहेर जातो ते बघ. खरं सांगू? मला सापडलाच नाही. नुसती धडधड सापडली. सर पुटपुटत प्रार्थना करत होते, बहुधा त्यांनाही काही सापडत नव्हतं.

पुकारा झाला. तात्या वकिलाबरोबर पुढच्या बाकावर. साहेब तरुण होते, थकलेले. कारकुनानं विचारलं, "मयत अर्जदाराच्या जागी कोण?" मी उभी राहिले. नाव सांगितलं. "नातं?" म्हटलं, "धाकटी जाऊ." त्यानं लिहून घेतलं. तुमच्या नावावर त्यानं एक आडवी रेघ मारली, पट्टी लावून, सरळ. मला वाटलं, त्याचा हात धरावा.

मग तात्यांचे वकील उठले आणि त्यांनी माझा जबाब वाचला. मोठ्यानं, माझ्या सहीसकट. साहेबांनी विचारलं, "त्या वेळी वाट आठवत नव्हती, आता आठवते?"

मी म्हटलं, "तेव्हाही आठवत होती. तो जबाब खोटा होता."

"खोटा जबाब दिल्याचं तुम्ही लेखी कबूल करताय. समजतंय ना बाई?"

"समजतंय."

"का दिला?"

"भीतीनं."

"कोणाच्या?"

आक्का, त्या खोलीत मी तात्यांकडे बघितलं. ते मोबाईल बघत होते, फाट्यावर बघायचे तसे. त्यांनाही कशाचीतरी भीती आहे असं मला वाटून गेलं, पण ते समजून घ्यायला वेळ नव्हता. मी त्यांचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, कारण कारकून थांबला होता. मग वाट कुठून कुठे जात होती ते सांगितलं, सासरे गेले तेव्हाचं सांगितलं, चप्पल रुतली तेही सांगून गेले. साहेब म्हणाले, चप्पल राहू द्या. पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली. जागेवर पुन्हा मोजणी होणार आहे म्हणे, नकाशा घेऊन.

बाहेर चहाच्या टपरीपाशी तात्या उभे होते. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते अगदी घरच्या माणसासारखे म्हणाले, "सुमनबाई, ऊस तुटायला आजून दोन म्हैने हायेत. तवर तुमच्यात कुनी मरू नगा म्हनावं." बरोबरचे हसले. तुम्ही असता तर उत्तर दिलं असतं. मी सरांच्या छत्रीची मूठ धरून उभी राहिले.

आज अंगणवाडीत एकोणीसपैकी सातच मुलं आली. तात्यांच्या आळीतलं एकही नाही. खोली रिकामी करायचा निरोप अजून आलेला नाही, पण मी भिंतीवरचे तक्ते काढून ठेवले आहेत. दुपारीच दाराला आतून कडी लावली आहे. हे सगळं तुम्हाला सांगते, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला मी गेले नऊ-दहा दिवस एकच सांगत होते, की आमच्या आक्का निर्भय होत्या. ध्यानानं त्यांची भीती गेली होती.

काल परतीच्या एसटीत सर सहज म्हणाले, "सुमन, आता तब्येतीला जप हो. अर्जदार तू आहेस." आणि मला नगरचा दवाखाना आठवला. नाकावर ऑक्सिजनचा मास्क लावलेला, बोलायची मनाई, आणि तुम्ही मास्क बाजूला करून सारखं एकच विचारत होता, "तारीख कंदी हाय?" मी नर्सला म्हटलं, यांना भ्रम झालाय. सिस्टर, झोपेचं काही द्या. तुम्ही माझं मनगट धरलंत, किती जोरात धरलंत, आणि तुमच्या डोळ्यांत जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं म्हणून मला ओळखता आलं नाही. भीती होती ती. तात्यांची नाही, मरणाचीही नाही तशी. तुम्ही गेलात की त्या कागदावर रेघ पडेल आणि खाली लिहायला कोणी नसेल, ही. अकरा वर्षं तुम्ही तीच घेऊन पहाटे त्या गोणपाटावर बसत होता, आणि मी समजत होते तुम्ही शांत आहात.

ती आता माझ्याकडे आली आहे. सकाळपासून दोनदा पाहिलं, बीपीची गोळी घेतली का नाही. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे तीनतीनदा बघते. मला अजून रडायला येत नाही आक्का, मला फक्त मरायची भीती वाटते, कारण माझ्यानंतर त्या जागी नाव लावायला प्रज्ञाच आहे.